पाकिटाच्या तोंडाला कुंकू

पाकिटावर कुंकू होतं. उडून पडलेलं, चुकून लागलेलं नाही. चांगलं ओलं करून, बोटानं दाबून लावलेलं, आणि तेही नेमकं पाकिटाच्या तोंडावर, जिथं ते चिकटवून कुटे सरांनी निळ्या शाईनं आडवी सही केली होती तिथं. ओलीनं शाई फुटली होती. सहीतलं एक अक्षर ओळखू येत नव्हतं. कुरिअरच्या काउंटरवरची मुलगी पाकीट दोन बोटांत धरून म्हणाली, "मॅडम, हे काय लागलंय?" आणि मी, बी.एस्सी. ॲग्री, पहिला वर्ग, वय तेवीस, पुण्यात बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला, भर दुपारी डेक्कनवर उभी राहून म्हणाले, "कुंकू." मागं रांगेत कुणीतरी हसलं. हसू दे. मला अर्जासोबतच्या पत्रकातली ओळ दिसत होती, जी मला झोपेतून उठवून विचारली तरी म्हणता आली असती: शिफारसपत्र बंद पाकिटात असावं, पाकिटाच्या तोंडावर शिफारस करणाऱ्याची सही असावी, आणि पाकीट उघडल्याची किंवा सहीशी खेळ केल्याची कसलीही खूण दिसली तर अर्जाचा विचार होणार नाही. हॉलंडमधलं विद्यापीठ, बटाट्याच्या रोगांवरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शिष्यवृत्तीसकट. अर्ज पोचायची शेवटची तारीख पंधरा जानेवारी. आज आठ, शुक्रवार. ती मुलगी तशी भली होती. म्हणाली, "आम्ही पाठवू हो, आमचं काय जातंय? पण मागच्याच महिन्यात एकाचं असंच चिकटपट्टी लावलेलं पाकीट तिकडून परत आलं. तुम्ही दुसरं आणा ना. उद्या सहाच्या आत दिलंत तर शुक्रवारी पोचेल. सोमवारी दिलंत तर मी सांगू शकत नाही."

दुसरं आणा. जसं काही शेजारच्या दुकानातून काडेपेटी आणायची. मी बाहेर येऊन फुटपाथवर, लोकांच्या पायांत, फाइल मांडीवर घेऊन बसले आणि एकेक कागद काढला. दहावीची गुणपत्रिका, चारी कोपऱ्यांना कुंकू. बारावीची, चारी कोपऱ्यांना. पदवीच्या प्रमाणपत्राला, जन्मदाखल्याला, इंग्रजीच्या परीक्षेच्या निकालाला, कालच वडिलांची, बाबूजींची, सही घेतलेल्या प्रतिज्ञापत्राला. त्यांचं काही नव्हतं, कोपरेच ते. ओल्या रुमालानं पुसले असते. पण सगळ्या फाइलीत मिळून एकच जागा अशी होती की जिथं बोट लागायला नको होतं, आणि तिथंच सगळ्यात जास्त कुंकू थापलं होतं. बाईनं. दुसरं कोण? आम्ही आईला बाई म्हणतो. काल गुरुवारी रजा टाकून मी मंचरला गेले होते ते बाबूजींच्या सहीसाठी. रात्री फाइल कपाटावर ठेवून झोपले, सकाळी उचलली आणि एसटीत बसले. उघडून बघायचं मला सुचलंच नाही. आणि मग, त्या फुटपाथवर, माझ्या मनात जे आलं ते इतकं सरळ आलं की मला त्याची लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही. मला वाटलं, हिनं मुद्दाम केलं.

का नाही वाटणार? वर्ष झालं, ती या विषयावर माझ्याशी बोलत नव्हती. बाकी सगळं बोलायची, भाजी काय करू, केसांना तेल का लावत नाहीस, पण अर्जाचं नाव काढलं की उठून सामायिक करायला बसायची. सामायिक म्हणजे आम्हा जैनांत अठ्ठेचाळीस मिनिटं तोंडावर मुहपत्तीची पट्टी बांधून बसायचं. त्यात बोलता येत नाही. ती एकाला एक जोडून दोन-दोन करायची. त्याआधी मात्र एकदा, अर्जाचं पहिलं पाकीट आलं तेव्हा, भडाभडा बोलली होती. "बटाटा? बटाटा शिकायला परदेशात? अगं, जमिनीखालची वस्तू ती. एकेका बटाट्यात अनंत जीव. आपण विकतो ते पोटासाठी, पोटाला सगळं माफ असतं. शिकायला कशाला पाहिजे?" मी म्हणाले, बाई, ज्या घरात बटाटा चिरला जात नाही त्या घराचा सगळा संसार बटाट्यावर चालतो, याचं तुला काही वाटत नाही का? तर म्हणे, "वाटतं. म्हणून तर सांगते, हे पाप माझ्यावर थांबू दे. तू नको त्यात पडू." मग तिनं तिकडं खाशील काय हे विचारलं, आजारी पडलीस तर पाणी कोण देईल हे विचारलं, आणि सगळ्यात शेवटी, पाठ फिरवून, पोळपाट पुसता पुसता, "आणि परत येशील कशावरून?" हे विचारलं. याचं उत्तर माझ्याकडं तयार होतं, पण ते ऐकायला ती थांबली नाही. बाबूजी तर असल्या वेळी नेहमीप्रमाणं काखा वर करून मोकळे. दलीचंदशेठ सगळ्या मंचर बाजाराशी बोलतील, जालंधरच्या व्यापाऱ्याशी फोनवर हिंदीत तासभर वाद घालतील, पण घरात प्रश्न आला की, "बाईला विचार." बाईला विचार!

आमचं दुकान बटाट्याच्या बेण्याचं. पंजाबातून ट्रक येतात, पोती उतरतात, सातगाव पठारापासून पारगावपर्यंतचे शेतकरी येऊन बेणं घेऊन जातात. मी त्या पोत्यांवर बसून पाढे पाठ केले. बटाट्याची चव मला तेवीस वर्षांत माहीत नाही, पण वास? अंधारात नुसत्या वासावर सांगीन, पोतं ओलं झालंय की नाही, आत एखादा नासलाय की नाही. त्यातला सगळ्यात वाईट वास मला बारा वर्षांची असताना कळला. त्या वर्षी भादव्यात आठ दिवस नुसती झिमझिम आणि धुकं, ऊन म्हणून नाही. नवव्या दिवशी पारगावचे गेणभाऊ दुकानात आले. हातात मुळासकट उपटलेलं झाड. पानं काळी, भाजल्यासारखी, उलटं करून बघितलं तर खाली पांढरी बुरशी, आणि मुळाला लोंबणारे बटाटे बोट लावलं की आत जात होते. गेणभाऊ आरडाओरडा करतील असं बाबूजींना वाटलं असावं, ते गादीवरून अर्धे उठले. पण गेणभाऊंनी ते झाड गुपचूप गादीपुढं ठेवलं आणि म्हणाले, "शेठ, बेणं तुमचं, रान माझं. तुमी बी फशिवलं न्हाई, मी बी कसूर केली न्हाई. मंग ह्ये झालं कशानं?" बाबूजी म्हणाले, "गेणभाऊ, वरच्याची मर्जी." तेव्हा गेणभाऊ माझ्याकडं वळले. पोत्यावर शाळेचा ड्रेस घालून बसलेल्या माझ्याकडं. "पोरी, तू तर साळंत जाती. तुला तरी कळतंय का काय?" मी म्हणाले, "न्हाई." तो माणूस नुसती मान हलवून गेला. म्हणजे माझ्यावरही रागावला नाही. मला आजही वाटतं, रागावला असता तर बरं झालं असतं, मी विसरून तरी गेले असते. करपा म्हणतात त्याला, हे मला सात वर्षांनी कुटे सरांच्या वर्गात कळलं, आणि तो एका रात्रीत शिवार कसा खातो हेही. पण तो आपल्याकडचा कुठला, कुठून आला, कुठल्या बेण्यातून, याचं उत्तर त्यांच्याकडंही नव्हतं. ते म्हणाले, "हे बघायची साधनं हॉलंडात हाईत. तू जा." बस्स. तेवढंच. अर्जातल्या 'आपण हा विषय का निवडला' या रकान्यात मी गेणभाऊच लिहिले. आणि बाई? त्या दिवशी गेणभाऊ गेल्यावर ती आतून आली आणि ते नासलेलं झाड पदरात घेऊन हळूहळू परसात गेली. का, तर पायाखाली येऊन त्यातले जीव मरू नयेत. मी खिडकीतून बघत होते. तिनं ते सावलीत ठेवलं, वर गोणपाट टाकला. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. एवढं शिवार मेलं आणि हिला बुरशीचं पडलंय!

तो राग अकरा वर्षं कुठं बसला होता कोण जाणे, पण एसटीडी बूथमध्ये दुकानाचा नंबर फिरवताना तो तसाच्या तसा बाहेर आला. बाबूजींनी फोन उचलला. मी म्हणाले, बाईला बोलवा. "का गं, काय झालं?" बाईला बोलवा. ती आली, तिचा श्वास ऐकू आला. ती फोन नेहमी जरा लांब धरते. मी म्हणाले, "पाकिटावर कुंकू तू लावलंस?" म्हणाली, "हो." एवढंच, हो. मग मी सुरू झाले. ते पाकीट वाया गेलं, ते आता कुणी घेणार नाही, उद्याचा एक दिवस आहे, कुटे सर डिसेंबरात निवृत्त होऊन गावाकडं गेले, आणि गेले नसते तरी त्यांनी दुसरं दिलं नसतं, कारण त्यांचा नियमच आहे की शिफारस एकदाच करायची. गेल्या साली एकाचं पत्र हरवलं तर त्याला त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. हातातोंडाशी आलेला घास गेला माझा. आणि मग मी ते बोलले. "तुला मी जायला नकोच होते. तोंडानं सांगायचं होतंस ना. मुद्दाम केलंस." बूथमधल्या मीटरवर लाल आकडे पळत होते. बाई म्हणाली, "सरांचं गाव कुठलं?" मी म्हणाले, पिंपरी पेंढार, तुला काय करायचंय? ती म्हणाली, "आत्ताची गाडी धर आणि घरी ये. रडत नको येऊ, रस्त्यात लोक बघतात."

गाडीत खिडकी मिळाली. भोसरी गेली, चाकण गेलं, राजगुरुनगरला गाडी अर्धी रिकामी झाली, आणि मी आपली पाकीट हातात धरून. पुन्हा पुन्हा बघत होते, बघून काय बदलणार होतं? सहीच्या बरोबर मध्यभागी बोट टेकवलेलं, मग दोन्ही बाजूंना ओढलेलं, चिकटवलेल्या सगळ्या रेघेवरून. इतक्या नेमकेपणानं वाट लावायची म्हणजे माणसाला तसं शिकावं लागेल, असं मी मनात म्हणाले, आणि मग एकदम मी पाकीट डोळ्यांजवळ धरलं. कारण ती खूण मी पाहिलेली होती. दर साली. हंगामाचा पहिला ट्रक आला की पहिलं पोतं दुकानाच्या उंबऱ्याशी उभं करायचं. हमाल सुतळीला हात लावत नाहीत, बाई आतून येईपर्यंत थांबतात. ती येते, कुंकवाची वाटी आणते, आणि पोत्याच्या शिवलेल्या तोंडावर मध्ये बोट टेकवून दोन्ही बाजूंना ओढते. तोंडाला लावायचं असतं. कोपऱ्यांना लग्नपत्रिकेला लावतात. ज्याच्या आत उगवणारी वस्तू आहे त्याच्या तोंडाला लावतात. मग ती एवढंच म्हणते, "उगवू दे," आणि आत जाते. खेडचा घाट चढताना मी ते पाकीट फाइलीत ठेवून दिलं. मला कळलं की मी फोनवर काय बोलले. कळून उपयोग काय? शब्द परत घ्यायची सोय एसटीडी बूथमध्ये नसते. आणि खरं सांगायचं तर, कळलं म्हणून राग गेला असंही झालं नाही. पत्र गेलं ते गेलंच होतं. दया येत होती आणि राग येत होता आणि त्या दोघांच्या खाली एक तिसरंच काहीतरी हट्टानं उभं होतं: मी जाणार. पाकीट जाऊ दे, सर नाही म्हणू देत, ही पंधरा तारीख चुकली तर पुढच्या सालची पंधरा तारीख. मी जाणार म्हणजे जाणार.

घरी पोचले तर बाईनं स्वयंपाक उरकून घेतला होता. सूर्य मावळायच्या आत आमच्याकडं जेवणं होतात. तिनं ताट वाढलं. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं आणि तिनं त्यात, शप्पथ सांगते, भरवल्यासारखी पोळी वाढली. "आधी जेव." बाबूजी पलीकडं पाट ओढून बसले होते, कधी नव्हे ते म्हणाले, "मी येऊ का उद्या बरोबर? माझी तिकडं ओळख आहे, आळेफाट्याला." बाई म्हणाली, "ओळख नको. चूक मी केली, मीच जाईन." त्यावर दलीचंदशेठ पुन्हा ताटाकडं वळले. अर्जाचा कोरा शिफारस फॉर्म माझ्याकडं झेरॉक्स करून ठेवलेला होता, पांढरी पाकिटं होती, पेन होतं. ते सगळं मी तिच्यासमोर नव्या पिशवीत भरलं. ती लांबून बघत होती. एकदा विचारलं तिनं, "यात हात लावू नये असं अजून काही आहे का? आधी सांग."

सकाळची पहिली गाडी नारायणगावपर्यंत. तिथून आळेफाटा, तिथून ओतूरकडं जाणारी जीप. बाई जीपमध्ये पंधरा माणसांत, मांडीवर पिशवी घट्ट धरून, चेहरा असा की जैन स्थानकात महासतींच्या, आमच्या साध्वींच्या, दर्शनाला निघाली आहे. एकदा मी म्हणाले, "बाई, काल मी—" तर ती म्हणाली, "ती कोबीची गाडी बघ केवढी भरलीये." मला समजेना, हिला ते ऐकायचंच नाही, का ऐकून झालंय. चोवीस तासांपूर्वी मला वाटत होतं की मला हॉलंडचा रस्ता माहीत आहे: फॉर्म, परीक्षा, पत्रं, व्हिसा, विमान. बाकीचं काही नाही. आणि इथं मी पिंपरी पेंढारला उतरून, बांधाबांधानं, आईच्या मागून चालत होते.

सर रानात होते. कांद्याची लागण चालली होती, वाफ्यात बायका वाकलेल्या, रोपांच्या जुड्या टाकलेल्या, आणि सर धोतर गुडघ्याच्या वर खोचून पाटाच्या पाण्याचं दारं धरत होते. वर्गात सूट घालणारा माणूस. त्यांच्या मंडळी, धोंडाबाई, बांधावर रोपं निवडत होत्या, त्यांनी हाक मारली, "अवो, पावणं आलंत." सरांनी मान वर केली. "रिंकू? तू हितं? पाकीट गेलं न्हाई?" मी पाकीट पुढं केलं. त्यांनी हात पुसून ते घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. सही बघितली. हसतील असं मला वाटलं होतं, हसले नाहीत. "मी काय म्हनलो व्हतो?" "एकदाच लिहितो." "का म्हनलो व्हतो? दुसऱ्यांदा लिवलं का तिसऱ्यांदा लिवावं लागतं. मानूस आपल्या कागदाला जपत न्हाई मंग. त्या पोराला मी परत धाडलं, आता तुला देऊ? तो इचारील ना मला." सर बरोबर बोलत होते, तेच तर वाईट होतं. मी फक्त तिथून हलणार नव्हते, एवढंच मला माहीत होतं.

तेवढ्यात बाई पुढं झाली. चपला हातात घेतल्या आणि सरळ ओल्या वाफ्याच्या कडेला उतरली, चिखलात, ज्या बाईनं कांदा उभ्या जन्मात घरात घेतला नाही ती. "सर, मी हिची आई. ती चूक माझी आहे. आम्ही बेण्याचं पोतं उघडायच्या आधी तोंडाला कुंकू लावतो, तसं मी पाकिटाला लावलं. तुमची सही होती म्हणून तिथं जास्त लावलं. पोरीला यातलं काही माहीत नाही. तिनं तुमचा कागद जपला होता."

सरांनी पाण्याचं दार मातीनं बंद केलं. मग म्हणाले, "बाई, एक इचारू? ही माझ्या केबिनमधी बसून रडली व्हती. आई बोलत न्हाई म्हनली, आईची लई हरकत हाय म्हनली. मंग कुंकू कशापायी लावलं? मला खरं सांगा. मी लिवनार, ही जानार, आन् उद्या तुमी रडून हिला निम्म्यातून माघारी बोलवनार, असं व्हायचं आसंल तर माझी शाई कशाला घालवू? हरकत व्हती का न्हवती?"

लागणीच्या बायकांचे हात थांबले. धोंडाबाई रोपं खाली ठेवून बघू लागल्या. मी बाईकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, नव्हती म्हण, एकदा खोटं बोल, मी तुझं पाप माझ्यावर घेते, नव्हती म्हण.

"हरकत होती," बाई म्हणाली. "आजही आहे. लिहा तुम्ही."

सरांनी पाटात वाकून हात धुतले, धोतराला पुसले आणि धोंडाबाईंना म्हणाले, "चष्मा आन गं माझा." बांधावरच्या आंब्याखाली, खताच्या रिकाम्या पोत्यावर बसून, मांडीवर फळी घेऊन त्यांनी लिहिलं. आधीच्यापेक्षा मोठं लिहिलं. पाकीट चिकटवलं, सही केली, शाई वाळेपर्यंत हातात धरून ठेवलं आणि माझ्या हातात दिलं. वर्षभर मला वाटत होतं की बाई एकदा हो म्हणाली की मी मोकळी झाले. ती हो म्हणाली नव्हती. कधी म्हणणारही नव्हती. मी विमानात बसेन तेव्हाही नाही, तिथं बर्फात सायकल शिकेन तेव्हाही नाही. ती हरकत बरोबर घेऊनच मला जायचं होतं, आणि मला पहिल्यांदाच जायची भीती वाटली, आणि मी जाणारच होते. सव्वाअकरा वाजले होते, पुण्यात सहाच्या आत पोचायचं होतं. मी सरांच्या पाया पडून वळून बघितलं तर बाई चिखलाच्या पायांनीच, चपला हातात घेऊन, रस्त्यावर पोचली होती आणि आळेफाट्याकडं जाणाऱ्या जीपला हात करत होती.